सवलतीचा कागद

बाबांचे रेडिएशनचे एकोणीस शेक झाले होते, अकरा राहिले होते. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आधीच होऊन गेलेलं. चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघतं, साधं पाणीही झोंबतं. बोलणं तर ऑपरेशनपासूनच अवघड झालं होतं, म्हणून दादरला एक पाटी विकत घेतली होती. त्या शुक्रवारी बाबांनी पाटीवर एकच शब्द लिहिला : घरी.

शनिवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने ताई आली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आमचा मुक्काम होता. दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर आम्ही दोघं जिन्यात येऊन बसलो.

“मग नेऊ या घरी,” ताई म्हणाली.

“अकरा राहिलेत, ताई. शेक मध्येच तोडले तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. सोसलं ते सगळं पाण्यात जाईल.”

“हे बाबांना माहीत आहे?”

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, “निघताना त्यांनीच म्हटलं होतं, तुम्ही पाहा काय करायचं ते. आज म्हणतात घरी. यातलं कोणतं धरायचं? आज तर त्यांची वेदना बोलते आहे.”

“वेदना काय शेजाऱ्याची आहे? त्यांचीच आहे ना. आणि ‘तुम्ही पाहा’ हे कशाचं उत्तर होतं ते आठव. आपण म्हटलं होतं, मुंबईला एकदा दाखवून येऊ. कोणता आजार, किती दिवस, काय काय सोसावं लागेल, यातलं काही सांगितलं होतं?”

“तू त्या वेळी काही बोलली नाहीस.”

“नाही बोलले. तो दोष माझाही आहे.”

खरं तर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आमच्याकडे वऱ्हाडात ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं की आजाराचं नाव सांगावं लागत नाही. १९४१ साली परळला सुरू झालेल्या या रुग्णालयाचं नाव धामणगाव, दारव्ह्यापर्यंत प्रत्येक घराला ठाऊक आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ करते, सोबत्याला ७५ टक्के सूट देते. त्या सवलतीच्या कागदावर आजार लिहिलेला असतो. तो कागद मी घडी घालून माझ्याच खिशात ठेवला होता. येताना गाडीत टीसी आला तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. आता वाटतं, ते मुद्दामच तिकडे बघत होते.

“तुला विंचू चावला होता,” मी म्हणालो, “तेव्हा बाबांनी तुला विचारलं होतं का? खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यात धावत नेलं.”

“मी सहा वर्षांची होते. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. ते आजारी पडले म्हणून आपण त्यांचे बाप झालो नाही.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. ताईच पुढे म्हणाली, “एक खरं सांग. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे का नाही गेलास? रोज शेतावरचा निरोप मिळाला असता, आई येऊन-जाऊन राहिली असती.”

“लोक म्हणाले असते, बापाला टाटाला नेलं नाही.”

“म्हणजे इथे येण्यात थोडं बाबांसाठी होतं आणि थोडं तुझ्यासाठी.”

“हो.”

हे कबूल करताना लाज वाटली, पण हलकंही वाटलं. मोठ्या शहरातले उपचार गावाजवळ त्याच दर्जाने मिळावेत म्हणून २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं आहे. मी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती. परळ चूक होतं असं मी म्हणत नाही. तिथे बाबांना उत्तम उपचार मिळाले. पण बाबांना घेऊन कुठे जायचं हे मी बाबांना न विचारता ठरवलं. फाइलवर नाव त्यांचं होतं आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मी देत होतो, तेही त्यांना नीट बोलता येत होतं तेव्हापासून.

“आणि सगळं सांगूनही त्यांनी पुन्हा ‘घरी’ लिहिलं तर?”

“तर मी तिकिटं काढीन,” ताई म्हणाली.

“माझ्याने ते होणार नाही.”

“म्हणजे तू विचारणार आहेस, पण एकच उत्तर ऐकायला.”

गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. त्यांच्या नावाच्या छपराखाली इतके आठवडे राहून मी बाबांना एक प्रश्न विचारला नव्हता.

रविवारी सकाळी मी बाबांच्या हातात तो सवलतीचा कागद दिला. किती शेक झाले, किती उरले, मध्ये सोडलं तर काय होऊ शकतं, पूर्ण केले तरी कशाचीच खात्री नाही, सगळं सांगितलं. बाबांनी कागद वाचला, पाटी ओढली. ‘मले काहून नाही सांगतलं?’ मग ते पुसून लिहिलं, ‘गिळवत नाही. घरी जाऊन मरतो.’

तेव्हा मला दुसरी गोष्ट सांगावी लागली. डॉक्टरांनी दहा दिवसांपूर्वीच नाकातून नळी घालायची का असं विचारलं होतं. चार माणसांत बाबांना लाज वाटेल, या समजुतीने मी परस्पर नको म्हटलं होतं. बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. पाटीवर लिहिलं, ‘डॉक्टरले मी इचारतो.’

सोमवारी ते पाटी घेऊन आत गेले. आम्ही दोघं मागे उभे राहिलो, एक शब्द बोललो नाही. नळी बसली. उरलेले अकरा शेक बाबांनी पूर्ण केले, ते त्यांनी ठरवलं म्हणून. नळी घालूनही त्यांनी घरी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे ताईला आजही मी सांगू शकलेलो नाही.

परतीच्या गाडीत टीसी आला, तेव्हा सवलतीचा कागद बाबांनी स्वतःच्या खिशातून काढून दाखवला.