जेवणाच्या सुटीपर्यंत

फुटबॉलच्या देशांत क्लबामागे गावोगाव फिरणारे चाहते असतात. परगावच्या मैदानात त्यांच्यासाठी वेगळा कोपरा राखलेला असतो. आपल्या रणजी सामन्यांना असा माणूस शोधावा लागतो. समुद्रपूरचे एक मला माहीत आहेत. साठीकडे झुकलेले वय, घरी हरभरा-तुरीची शेती, आणि नाद विदर्भाच्या संघाचा.

मधली काही वर्षे हा नाद थंडावला होता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा या माणसाने सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. पुढच्याच हंगामात जामठ्याला सौराष्ट्राला हरवून दुसरा करंडक आला. विदर्भाने साठ वर्षे ज्याची वाट पाहिली ते लागोपाठ दोनदा हाती आले आणि हे सुस्तावले. मोबाइलवर धावसंख्या बघायची, दोन गडी पडले की मोबाइल खिशात. जामठा काही दूर नाही. जाम चौरस्त्यावर नागपूरची गाडी धरायची, बुटीबोरी ओलांडली की हमरस्त्यालगतच स्टेडियम. तरी पाय निघत नव्हते.

निघाले ते २०२४ च्या मार्चमध्ये, आणि तेही थेट वानखेडेवर. अंतिम सामन्यात समोर मुंबई, तोवर रणजी एक्केचाळीस वेळा जिंकलेली. घरून टोमणा मिळालाच, ‘‘हारतानी पाहाले चाल्ले का मुंबईले?’’ टोमणा खोटाही नव्हता. विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला आणि पुढे आव्हान उभे राहिले ते ५३८ धावांचे. पाच गडी चौथ्या दिवशीच गेले होते. शहाण्या माणसाने त्या रात्री विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट बघितले असते.

पाचव्या सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळायला उतरले. चेंडू सोडायचा, बॅटीला लागला तर पायाशी मारायचा, षटक संपले की मधोमध येऊन एकमेकांच्या मुठीला मूठ लावायची. पुन्हा तेच. बघणाऱ्याला कंटाळा यावा असा खेळ. जेवणाच्या सुटीपर्यंत एकही गडी पडला नाही. समुद्रपूरच्या काकांनी सकाळपासून डबा उघडला नव्हता. जागचे हललो तर गडी पडेल, ही आपल्याकडची सार्वत्रिक अंधश्रद्धा. सुटी झाली तसे शेजारच्या मुंबईकर पोराने विचारले, ‘‘काका, कुठून आलात?’’ यांनी ‘वर्धा जिल्हा’ सांगितले आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

सुटीनंतर वाडकर शतक करून बाद झाला आणि अवघ्या पंधरा धावांत सगळा डाव आवरला. मुंबई १६९ धावांनी जिंकली. गावी परतल्यावर यांचे एकच पालुपद, ‘‘हारले तं हारले, पन सकाळभर हालले नाही ना गा!’’

पराभवातून उत्साह येतो, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. बहुतेक पराभव नुसते पराभव असतात. याला दुबार पेरणीची उपमा द्यायचा मोहही आवरतो. शेतात कर्ज बुडते, मैदानावर फार तर रजा बुडते. या माणसाला परत आणले ते त्या सकाळच्या दोन तासांनी. करंडकाची आशा जवळजवळ संपलेली असताना दोघे जण आपले काम नीट करत होते, आणि ते बघायला आपण तिथे होतो. मोबाइलवर त्या दोन तासांची ओळ एवढीच दिसली असती : पाच बाद. तीच ओळ, सकाळभर.

पुढच्या हंगामात मात्र ते जामठ्याला ठाण मांडून होते. उपांत्य सामन्यात मुंबईलाच हरवून झाले होते. २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्रीचा दिवस, अंतिम सामना केरळशी. सुरुवातीलाच ३ बाद २४. वर्षभरापूर्वीचा मोबाइल असता तर खिशात गेला असता. दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी तिथून २१५ धावांची भागी केली. केरळचा सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा हे उभे राहून ओरडले आणि लगेच, ‘‘दोन धावांसाठी बिचारा,’’ म्हणून खाली बसले. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा झाला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. हा तोच दुबे, वानखेडेवर सकाळभर चेंडू अडवणारा. हे सांगताना काकांचा सूर असा की जणू पोरगा त्यांच्याच वाड्यात वाढला.

नंतर नायर पुन्हा कर्नाटकात गेला. कुणीतरी खोडी काढली, आता तुमचे कसे होणार? त्यांनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता उत्तर दिले, ‘‘नायर गेला, जामठा थोडाच गेला? चालता का येत्या सामन्याले? डबा दोघांचा घेतो.’’