पायातला बूट आणि पाचवे कारण

कारखान्यात किंवा बांधकामावर अवजड वस्तू पडून कामगाराच्या पायाची बोटे चिरडली, की त्या घटनेचा अर्थ साधारणपणे दोन प्रकारे लावला जातो: नशिबात होते ते चुकले नाही, असे घरचे म्हणतात, आणि बूट घातला नव्हता तेव्हा चूक त्याचीच, असे चौकशीच्या कागदावर लिहिले जाते. वरवर पाहता हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधी आहेत, कारण पहिला मानवी कर्तृत्वच नाकारतो आणि दुसरा ते सगळे एकाच माणसाच्या माथी मारतो; परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो, तो असा की ज्याने ती जागा उभारली, ते वजन तसे टांगले आणि तो बूट खरेदी केला, त्याला जाब विचारायचे राहून जाते. जबाबदारीच्या या वाटणीविषयी भारतीय धर्मविचारात बारकाईने लिहिले गेलेले आहे, आणि त्यातील काही मोलाचे विवेचन पादत्राणांच्याच निमित्ताने आले आहे.

कामगार ज्यांना नुसते ‘सेफ्टी शूज’ म्हणतात, त्या बुटाच्या पुढच्या भागात कातडे आणि अस्तर यांच्यामध्ये पोलादाची, किंवा काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकची, एक टोपी बसवलेली असते; ती बाहेरून दिसत नाही, पण पायाची पाचही बोटे तिच्या आश्रयाला असतात. आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, आणि आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसारही, या टोपीने २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे; ज्यूल हे ऊर्जेचे एकक असून, २० किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून सरळ खाली आले तर जेवढा तडाखा बसेल, तेवढे हे २०० ज्यूल. चाचणीच्या वेळी टोपीखाली मऊ मातीचा लहानसा दंडगोल ठेवतात आणि आघातानंतर तो किती चेपला ते मोजतात. ४२ मापाच्या बुटात किमान १४ मिलिमीटर उंची शिल्लक राहिली, तरच बूट कसोटीला उतरला असे मानले जाते. शिवाय १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन, भाराखाली सावकाश दाबूनही हीच पाहणी होते. पोलादी टोपी वाकली तर तीच बोटे कापून टाकते, अशी एक समजूत अनेक ठिकाणी ऐकू येते; ज्या भाराने ही टोपी चेपेल, त्या भाराखाली उघड्या बोटांचे काय होईल याचा विचार केला, की ती समजूत टिकत नाही.

प्रयोगशाळेतला आघात क्षणाचा असतो, पाळी मात्र आठ आणि कित्येकदा बारा तासांची असते, आणि बुटाविषयीचा खरा नैतिक प्रश्न या दुसऱ्या काळात उभा राहतो. चालताना पाय जिथे मुडपतो, नेमकी तिथेच टोपीची मागची कड येत असेल, तर ती प्रत्येक पावलाला चवड्यात रुतते. दिवसभर उभे राहून पायाला सूज चढते आणि सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारनंतर चावू लागतो. लहानपण अनवाणी गेलेल्या माणसाचा चवडा रुंद असतो, तर बूट ज्या साच्यावर घडवतात ते कालबूत पुष्कळदा अरुंद पायाच्या हिशेबाने केलेले असते. आणि स्त्री कामगाराला तर बहुधा पुरुषी कालबुतावरचाच, केवळ लहान मापाचा, जोड दिला जातो. पावसाळ्यात ओला बूट रात्रभरात वाळत नाही, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवावा लागतो, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कुरूप, फोड आणि काळी पडलेली नखे यांनी बेजार झालेला माणूस एके दिवशी नाड्या सैल सोडतो, टाच चेपून बूट सपातेसारखा ओढत चालतो, किंवा सरळ चप्पल घालून कामाला उभा राहतो, आणि अपघात घडला तर त्याच दिवसाची नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. म्हणून सुखदपणा ही सुरक्षेवर चढवलेली चैन मानणे चूक आहे. जो बूट पाळीभर पायात ठेववत नाही, त्याने प्रयोगशाळेत किती ज्यूल सोसले याला काहीच अर्थ उरत नाही.

टिकाऊपणाचीही गोष्ट दिसते तेवढी सरळ नाही. पॉलियुरेथेन या हलक्या, लवचीक पदार्थाचे तळ सर्रास वापरले जातात, आणि त्याच्या काही प्रकारांचे हवेतल्या ओलाव्याने रासायनिक विघटन होत असल्यामुळे गोदामात काही वर्षे पडून राहिलेला कोरा करकरीत जोडसुद्धा पायात घालताच भुगा होऊन गळू शकतो. दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. दुसरीकडे, ज्या बुटाने एकदा जबर आघात झेलला, तो वरून धडधाकट दिसला तरी टाकून द्यावा लागतो, कारण आतल्या टोपीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे ‘वर्षाला एक जोड’ हा खरेदीखात्याचा नियम कागदाच्या सोयीचा असला, तरी पायाच्या गरजेशी त्याचा संबंध असतोच असे नाही.

नियम पायावरून ठरवावा की पाय नियमात बसवावा, हा प्रश्न बौद्ध संघापुढे फार पूर्वी आला होता. विनयपिटकाच्या महावग्गात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, चामड्याच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा आरंभ सोण कोळिवीस या भिक्षूच्या कथेने होतो. श्रीमंतीत वाढलेल्या, अतिशय कोमल पायांच्या या भिक्षूने चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत करायची साधना, इतक्या निकराने केली की तळवे फुटून ती वाट रक्ताने माखली. बुद्धांनी ती वाट पाहिली, अतिरेकी प्रयत्नाचा दोष सोणाला समजावून दिला, आणि पुढे त्याला एका पदराच्या, म्हणजे एकाच थराच्या, वहाणा वापरण्याची मोकळीक दिली. कथेतला मर्मभाग यानंतरचा आहे: एवढी संपत्ती सोडून आलेला सोण आता वहाणांच्या मोहात पडला असे लोक म्हणतील, तेव्हा ही सवलत सगळ्या संघाला मिळाली तरच आपण ती घेऊ, असे सोणाने सांगितले, आणि बुद्धांनी ती सर्वांसाठी खुली केली. ज्या कारखान्यात कायम कामगाराला चांगला जोड आणि त्याच्याच शेजारी तेच ओझे उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराला हलका जोड मिळतो किंवा काहीच मिळत नाही, तिथे सोणाची ही अट आजही लागू पडते.

याच प्रकरणात पुढे दुसऱ्या एका सोणाची, सोण कुटिकण्णाची, हकिगत येते. महाकच्चान या आपल्या गुरूच्या सांगण्यावरून त्याने बुद्धांपुढे अवंती-दक्षिणापथाची अडचण मांडली, ती अशी की तिथली जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. त्यावर बुद्धांनी सीमेवरच्या सर्व प्रदेशांत अनेक पदरी वहाणांना अनुमती दिली. काळ्या मातीच्या उन्हाळ्यातल्या ढेकळांची ज्याला ओळख आहे, अशा मराठी वाचकाला ही तक्रार समजावून द्यावी लागणार नाही. मध्यदेशातला नियम दक्षिणेच्या भूमीला पुरत नाही हे मान्य केले गेले, आणि भिक्षूंनी अधिक सहनशील व्हावे असे सांगण्याऐवजी नियमच बदलला गेला. वैराग्याचा आदर्श मानणाऱ्या संघाने ही मोकळीक द्यावी, हे विशेष आहे. जखमी तळव्याला धर्मसाधनेची खूण मानण्याचे त्या परंपरेने स्पष्टपणे नाकारले.

पादत्राणाचा सर्वांत प्रसिद्ध तात्त्विक दृष्टान्त मात्र याहून वेगळ्या दिशेने जातो. आठव्या शतकातील नालंदेचे आचार्य शांतिदेव यांनी बोधिचर्यावतार या ग्रंथाच्या पाचव्या परिच्छेदात असा विचार मांडला आहे की सगळी पृथ्वी झाकायला पुरेल एवढे चामडे मिळणे अशक्य आहे, परंतु पायात वहाण घातली की चालणाऱ्यापुरती सगळी पृथ्वी झाकल्यासारखीच होते. त्याचप्रमाणे बाहेरच्या सर्व वस्तूंना आवर घालता येत नाही, म्हणून साधकाने आपल्या चित्ताला आवर घालावा. क्रोध आणि द्वेष यांच्या संदर्भात हा उपदेश निर्विवाद आहे. अडचण निर्माण होते ती हाच विचार, शांतिदेवांचे नावही न घेता, कारखान्याच्या भिंतीवर सूचना होऊन उतरतो तेव्हा: जग धोकादायक असणारच, तेव्हा ज्याने त्याने आपला पाय सांभाळावा.

शांतिदेवांच्या दृष्टान्तातील काटेरी पृथ्वी कोणी मुद्दाम घडवलेली नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणाकडे दाद मागता येत नाही. कारखान्याची जमीन तशी नसते. तिथे सांडलेले तेल, डोक्यावरून जाणारी क्रेन, वाटेत रचलेली बिलेटांची थप्पी आणि अपुरा उजेड या सगळ्यांमागे कोणाचा तरी निर्णय किंवा कोणाची तरी हयगय असते. याच कारणाने सुरक्षाशास्त्रात नियंत्रणांची एक उतरंड मानतात, तिच्यात धोका मुळातच काढून टाकणे सर्वांत वर, मग कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग यंत्ररचनेत बदल करून माणूस आणि धोका यांना एकमेकांपासून दूर ठेवणे, त्यानंतर कामाच्या पद्धती व प्रशिक्षण, आणि सगळ्यांत शेवटी बूट, हेल्मेट, हातमोजे यांसारखी अंगावर घालायची साधने येतात. जिथे पृथ्वी झाकणे, निदान तिचा पायाखालचा तुकडा झाकणे, एखाद्याच्या हातात आहे, तिथे त्याने वहाणेचा उपदेश पुढे करणे म्हणजे साधकासाठी सांगितलेल्या संयमाचा दुसऱ्यावर वापर करणे होय, आणि कोणत्याही धर्मपरंपरेत त्याला संयम म्हणत नाहीत.

दैवाची बाजू अजून उरते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली व व्यापार, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा लावला, तर १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी तो स्थान असा घेतला. या विवेचनाचा मूळ हेतू आत्म्याचे अकर्तेपण दाखवण्याचा आहे, अपघातांची मीमांसा करण्याचा नाही, हे लक्षात ठेवूनही त्यातली कारणांची मांडणी इथे उपयोगी पडते; कारण दैवाला त्यात जागा आहे, परंतु ती चार कारणांनंतरची आहे, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे असेही तिथे लगेच पुढे म्हटले आहे. बोटे चिरडलेल्या माणसाच्या बाबतीत आधी जागा तपासावी, मग साधन, म्हणजे बुटाचे माप, टोपी व तळ, तपासावे, कामाची रीत आणि तिचा वेग तपासावा, कर्त्याची दक्षताही तपासावी, आणि या सगळ्यांतून जे उरेल तेवढेच दैवाच्या खाती टाकावे. घरच्यांनी दैवाचे नाव घेणे समजण्यासारखे आहे, कारण त्याने दुःख सोसवते; व्यवस्थापनाने ते घेणे क्षम्य नाही, कारण पहिल्या चारांपैकी बरीचशी कारणे त्याच्या हातात असतात.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत कामावरच्या मृत्यूची एक नोंद फार ठळक आहे. संत चोखामेळा यांना मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर नेण्यात आले आणि १३३८ साली ती भिंत कोसळून अनेक मजुरांबरोबर त्यांचाही अंत झाला. नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांच्या अस्थी ओळखल्या, त्या पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या माणसाला जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याच्या अस्थींना दिलेला हा मान वारकरी संप्रदायाच्या मोठेपणाचा आहे. तरीही एक उणीव बोलून दाखवणे भाग आहे: ती भिंत कोणी आणि कशी बांधवून घेतली, ती का कोसळली, आणि चोखोबांच्या सोबत गाडले गेलेले इतर मजूर कोण होते, हे प्रश्न परंपरेत विचारले गेलेले दिसत नाहीत. मृत्यूला पावित्र्य मिळाले, पण त्याचे कारण अंधारातच राहिले.

श्रम आणि पावित्र्य यांच्यातले हे अंतर आजही एका लहानशा गोष्टीत दिसते. खंडेनवमीला छोट्यामोठ्या वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूची माळ चढते, पान्यांना आणि हातोड्यांना हळदकुंकू लागते, आणि सेफ्टी शूज मात्र पूजेच्या जागेबाहेर काढून ठेवलेले असतात. चामडे आणि पाय यांच्याविषयीची जुनी अपवित्रतेची कल्पना त्यामागे आहे, आणि जी जमात पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावून इतरांचे पाय झाकत आली, तिलाही याच कल्पनेने गावाबाहेर ठेवले. बुटाची पूजा व्हावी असे इथे सुचवायचे नाही. ज्या वस्तूकडे पाहण्याचीच सवय नाही, तिचा दर्जाही तपासला जात नाही, एवढाच मुद्दा आहे.

भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या सुरक्षेचे सर्वसाधारण कर्तव्य कारखान्याच्या ताबेदारावर स्पष्ट शब्दांत टाकण्यात आले, म्हणजे अधिष्ठान आणि करणे यांचा भार कोणाचा, याचे उत्तर कायद्याने दिले. त्याच १९४८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमाने बुटासारख्या सुरक्षासाधनांचे पैसे कामगाराकडून घेण्यास मनाई केली, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही तेच तत्त्व कायम ठेवले. तेव्हा ज्या कामगाराच्या मजुरीतून बुटाची किंमत कापली जाते, त्याने ती परत मागावी, आणि बूट चावत असेल तर दुसरा मागावा. त्याचा तो हक्क आहे.