निग्रह उसना असतो का?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन एक फार प्रामाणिक प्रश्न विचारतो. मनात नसतानाही, कुणी बळजबरीने ओढून नेल्यासारखा, माणूस पाप का करून बसतो? कृष्णाच्या उत्तरातले काम आणि क्रोध सगळ्यांच्या लक्षात राहतात, पुढचं तितकंसं राहत नाही. धुराने अग्नी झाकावा, धुळीने आरसा, तसं कामनेने ज्ञान झाकलं जातं, असं तो सांगतो. म्हणजे ज्ञान जागेवरच असतं, त्या घटकेला दिसत मात्र नाही. रोज गांजा ओढणाऱ्या आणि तो सुटावा असं स्वतःलाच वाटणाऱ्या विशीतल्या तरुणाची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही. सकाळी त्याला सगळं ठाऊक असतं: अभ्यास मागे पडलाय, पैसे पुरत नाहीत, ओढल्याशिवाय झोप लागत नाही. संध्याकाळी मित्र जमले की यातलं काहीच त्याच्या मदतीला येत नाही. अशा वेळी खिशातल्या फोनने त्याला त्याच्याच म्हणण्याची आठवण करून दिली आणि तो थांबला, तर तो निग्रह त्याचा की फोनचा? माझ्या मते त्याचाच, पण एका अटीवर, आणि ती अट कडक आहे.

हा प्रश्न हवेतला नाही. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात लिडिया श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोमेंट’ नावाची पद्धत आखली. वारंवार गांजा ओढणाऱ्या, 15 ते 24 वयाच्या मुलामुलींसाठी ती होती. आधी समुपदेशकाशी बोलणं व्हायचं. त्यात उपदेश नसायचा. गांजा तुला काय देतो, तुझ्याकडून काय घेतो, हे मुलाच्याच तोंडून काढलं जाई. आपल्याला नेमकी कधी तलफ येते, हेही तोच सांगायचा: अमुक मित्र, अमुक जागा, भांडणानंतरचा एकटेपणा. मग दोन आठवडे फोन दिवसातून कित्येकदा विचारायचा, आत्ता कुठे आहेस, सोबत कोण आहे, ओढावंसं किती वाटतंय? उत्तरात धोक्याची परिस्थिती दिसली की सावरायला मदत करणारा एक छोटा संदेश यायचा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत अवघे 27 जण होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. तलफ जागवणाऱ्या प्रसंगांत ओढण्याची इच्छा आणि ओढणं, दोन्ही कमी झाल्याचं त्यात दिसलं. एवढ्यावरून विजयाची तुतारी फुंकणं चूक ठरेल. पण बदल कुठे दिसला ते पाहण्यासारखं आहे: नेमका त्या प्रसंगात, जिथे एरवी माहिती असूनही उपयोग होत नाही. गांजाचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही, उपचार मुख्यतः बोलण्याचाच आहे. बोलणं दवाखान्यात होतं, तलफ मात्र नाक्यावर येते. हे अंतर फोन कमी करतो.

पहिला आक्षेप उघड आहे. स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, असं गीताच सहाव्या अध्यायात सांगते. मग यंत्राच्या आठवणीवर उभा राहिलेला संयम हा संयम कसला? या आक्षेपामागे एक गृहीत लपलेलं आहे, की खरा निग्रह एकट्याने आणि रिकाम्या हाताने करायचा असतो. आपल्या परंपरेने असं कधीच मानलेलं नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि मद्यमांस सोडतो. माळ त्याच्याऐवजी दारूला नाही म्हणत नाही, पण पेला पुढे आला की ती गळ्यात असते. एकादशी पंधरा दिवसांनी येते, कुणाला वाटलं म्हणून येत नाही. रामनाम लिहायच्या वह्या चौकटी आखूनच मिळतात, कारण मन सुटतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखं आवरत नाही अशी अर्जुनाची तक्रार आहे, आणि तिला मिळालेलं उत्तर अभ्यास आणि वैराग्य असं आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर मनाचा एक गुण सांगतात: जिथे गोडी लागली तिथे ते पुन्हापुन्हा जातं, म्हणून त्याला आत्मसुखाचीच गोडी दाखवत राहावं. तलफेचं याहून अचूक वर्णन मला ठाऊक नाही. ज्या गुणामुळे माणूस अडकतो, त्याच गुणाने तो सुटूही शकतो. मात्र त्यासाठी योग्य वेळी पुन्हापुन्हा दाखवणारं कुणीतरी लागतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गांजाला आपल्याकडे शिवाच्या नावाने मान आहे, साधूंच्या चिलमीपुढे लोक हात जोडतात. मग व्यसन म्हणजे काय, हे फोनने का ठरवावं? फोनने ठरवूच नये, आणि गांजा मुळातच पाप आहे असं मानायचीही गरज नाही. 1893-94 च्या भांग-गांजा आयोगानेसुद्धा माफक सेवन आणि अतिरेक यांत स्पष्ट फरक केला होता. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1971 च्या एका निबंधात व्यसनी माणसांचे प्रकार वेगळे करून दाखवले आहेत. एकाला नशा हवी असते, पण ती हवीशी वाटू नये असंही वाटतं. दुसऱ्याला आपली इच्छा मान्यच असते. नशा दोघेही करतात, पण पहिला आपल्याच इच्छेपुढे हरलेला असतो. माझी अट इथून येते. फोनवरचा संदेश पहिल्याच्या बाजूने उभा राहू शकतो, कारण तिथे घेण्यासारखी एक बाजू आहे आणि ती त्यानेच सांगितलेली आहे. दुसऱ्याला मात्र फक्त विचारावं. त्याच्या नकळत त्याची इच्छा वळवायला गेलं की आधार संपून हुकूमत सुरू होते, भले परिणाम चांगला निघो.

यावरही कुणी म्हणेल की फोनच आज सर्वांत मोठं व्यसन आहे, आणि एका फासातून सोडवायला दुसरा फास कशाला. हे मला पुष्कळ अंशी पटतं. रोज किती जण ॲप उघडतात यावर ज्याची कमाई चालते, त्याला तुम्ही मोकळं झालेलं परवडत नाही. म्हणून बॉस्टनचे ते दोन आठवडे मला महत्त्वाचे वाटतात: संपण्यासाठीच आखलेली मदत. आणि संदेशामागे माणूस हवा. जर्मनीत 2004 पासून चाललेल्या ‘क्विट द शिट’ या ऑनलाइन कार्यक्रमात गांजा ओढणारे रोजनिशी लिहितात आणि ती वाचून समुपदेशक उत्तर देतो. सत्संगाची जागा यंत्राला घेता येणार नाही, सत्संगापर्यंत नेणारी वाट होता येईल.

आपल्याकडे या वाटेत आणखी एक धोंड आहे. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये 2016 च्या मतदानाने 21 वर्षं आणि त्यावरच्यांना गांजा कायदेशीर झाला. भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने भांगेचं पान वगळलं, गांजा गुन्ह्यातच राहिला. 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘एम्स’च्या पाहणीनुसार भांग-गांजापायी मदतीची गरज असलेले देशात सुमारे 72 लाख लोक आहेत. त्यांतल्या एखाद्याने फोनच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं, तर ते उत्तर स्वतःविरुद्धचा कबुलीजबाबही ठरू शकतं. स्वतः उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं 64-अ हे कलम याच कायद्यात आहे, पण ते मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्यापुरतं आहे. फोनवर खरं बोलणाऱ्याला त्याचा आधार नाही. स्वतःशी खरं बोलल्याशिवाय संकल्पाला सुरुवातच होत नाही, आणि पोलिसांची भीती असलेल्या जागी कुणी खरं बोलत नाही. तेव्हा मराठीत अशी सोय करू पाहणाऱ्यांनी संदेशांची भाषा घडवण्याआधी ही नोंद कुणाच्या हाती जाईल आणि ती कधी पुसली जाईल, हे ठरवावं, आणि पहिल्या प्रश्नाच्याही आधी ते त्या मुलाला सांगावं.