नसलेल्या उष्णतेची साक्ष

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतील होमप्रदीपन मी लहानपणी होम मैदानावरील गर्दीच्या अगदी शेवटच्या टोकाला उभे राहून पाहिले असल्यामुळे, म्हणजे खरे तर माणसांच्या डोक्यांवरून वर चढणारा धूरच तेवढा पाहिला असल्यामुळे, धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकांविषयी मला आरंभापासूनच आपुलकी आहे. परंतु अग्नी नाही हे माणसाला कशावरून कळावे, या प्रश्नाने मला गाठले ते कोणत्याही पोथीत नव्हे, तर आमच्या स्वयंपाकघरात, चिरंजीवांनी हौसेने आणलेल्या डिशवॉशरपुढे.

फिर्याद अशी की, यंत्र दोन तास घरघरून भांडी बाहेर देई, पण शेंगांच्या आमटीच्या पातेल्याचा ओशटपणा जसाच्या तसा राही. धुणे निम्मे झाले असता मी दार अंमळ किलकिले केले, वाफ नव्हती. कुमारिलभट्टांचे अनुयायी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र वस्तू असती तर ती प्रत्ययास आलीच असती, अशी स्थिती हवी, ही त्यांची अट. वाफ असती तर माझ्या चष्म्यावर बसली असती, बसली नाही, सबब उष्णता नाही. नैयायिक एवढ्यासाठी निराळे प्रमाण मानीत नाहीत. अभावही इंद्रियांनाच कळतो असे ते म्हणतात, आणि पातेल्यावरून नुसते बोट फिरवून "पाणी तापतच नाही" असा फैसला देणारी आमची सौ. नकळत त्यांच्याच पक्षाची ठरली.

माझा संशय हीटरवर होता, कारण आमच्या बोअरचे पाणी जड, आणि असे पाणी तापले की त्यातील चुना हीटरवर पापुद्र्यासारखा बसतो. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने प्रथम प्लग काढला, मग मीटरच्या दोन सुया हीटरच्या दोन टोकांना लावल्या. आकडा 26 ओहम आला. 230 व्होल्टवर चालणाऱ्या दोन हजार वॅटच्या हीटरला तो शोभणाराच होता.

"हीटर बरं हाय की ओ काका," तो म्हणाला, "त्याला कोन ताप म्हनतच नाही."

खरा अपराधी निघाला तो वाटाण्याएवढा थर्मिस्टर. पाणी तापेल तसतसा याचा विद्युत्-रोध उतरतो. हा मात्र बिघडून गार पाण्यातच तळाशी उतरून बसला होता. पाणी कढत असल्याची त्याची जबानी रुजू होताच यंत्राचे दफ्तर हीटरचा हुकूम तहकूब करी.

मीमांसकांचे, म्हणजे कुमारिलभट्टांच्याच पंथाचे, मत असे की, ज्ञान हे उपजतच प्रमाण असते. बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत त्यावर संशय घेण्याचे कारण नाही. आमचे यंत्र या अर्थाने निष्ठावंत मीमांसक होते, आणि त्याचे दुर्दैव एवढेच की, त्याच्या सृष्टीत साक्षीदार एकच असल्यामुळे बाधक ज्ञान उपजण्याची सोयच नव्हती. ते ज्ञान होते बाहेर, त्या ओशट पातेल्यावर. कृतीला फळ येते की नाही, यावरून ज्ञानाचा खरेखोटेपणा ठरविणारे नैयायिक येथे मला अधिक व्यवहारी वाटतात. (राखेने भांडी घासणाऱ्या माझ्या आईला हा वाद कधी करावाच लागला नाही, तिचे प्रमाण तिच्या तळहातात होते.)

नवा थर्मिस्टर बसला. त्या रात्री निम्म्या धुण्यात मी पुन्हा दार किलकिले केले. चष्म्यावर दाट वाफ बसली, आणि पातेले निघाले की नाही, ते काही मला दिसेना.