काचपेटीतील परजीवी आणि पहिले शील



अलिबाग तालुक्यातील एका विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका आईने विचारलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. त्या घराने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. थोरल्या मुलाने मुंबईहून खाऱ्या पाण्याची काचपेटी आणली. तीत दोन क्लाउन मासे, एक शोभेची कोळंबी आणि चार शंखगोगलगायी होत्या. महिन्याभराने त्याने आणखी एक मासा आणला आणि थेट पेटीत सोडला. दहा-बारा दिवसांत माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे दगडाला अंग घासू लागले, त्यांचे खाणे सुटले. मुलाने तांब्याचे औषध आणले. तेव्हा शाळेत जाणारी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, सकाळी आपण जीवहत्येपासून दूर राहण्याचे शील घेतो ना? मग या औषधाने मरतील ते जीव नव्हेत का?" बाटली दोन दिवस फळीवर राहिली. त्या दोन दिवसांत एक मासा मेला. आई मला म्हणाली, "भाऊ, चूक कोणाची? त्याची की तिची?"

विहारात काही जण हसले. एक गृहस्थ म्हणाले, दुपारी बांगडा खाणाऱ्यांनी संध्याकाळी किड्यांची काळजी कशाला करावी? टोमणा लागणारा आहे, आणि आपण किनाऱ्यावरची माणसे तो नाकारूही शकत नाही. पण एका ठिकाणी आपण उणे पडतो म्हणून दुसऱ्या ठिकाणी विचारच करू नये, हे कोणते तर्कशास्त्र? त्या मुलीने शील तोंडपाठ म्हटले नाही, ते घरात आणून लावून पाहिले. नव्याने धम्मात आलेल्या घराला याहून मोठी मिळकत ती कोणती!

आधी रोग समजून घ्या. क्रिप्टोकॅरियॉन नावाचा हा एका पेशीचा जीव. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तो शिरतो व तेथे काही दिवस पोसला जातो. मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कवच फुटून शेकडो पिले पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. तांबे मारते ते फक्त या सुट्या पिलांना. कातडीतला जीव आणि कवचातला जीव, दोघेही तांब्याला दाद देत नाहीत. म्हणून औषध एकदा घालून भागत नाही, तीन-चार आठवडे त्याचे प्रमाण राखावे लागते.

आता शीलाकडे वळू. अट्ठकथाकारांनी प्राणिहत्या पुरी होण्यास पाच गोष्टी सांगितल्या आहेत : समोर जीव असणे, तो जीव आहे हे माहीत असणे, मारण्याची चेतना, त्यासाठी प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने आलेले मरण. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल स्थविरांची गोष्ट येते. ते अंध होते. चंक्रमण करताना त्यांच्या पायांखाली किडे मेले. भिक्खूंनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी त्यांना दोष दिला नाही, कारण मारण्याची चेतनाच नव्हती.

पण या गोष्टीने आपली सुटका होत नाही. चक्खुपालांना किडे दिसत नव्हते. मुलाला मात्र माहीत आहे की पाण्यात जीव आहेत आणि औषध त्यांना मारण्यासाठीच आहे. कोणी म्हणेल, एका पेशीचा जीव तो, त्याला कसली वेदना? ही पळवाट मला रुचत नाही. ज्यांच्या वेदनेची गणती करायची नसते त्यांना आधी जीवांच्या यादीतून वगळायचे, ही रीत आपल्या पूर्वजांनी भोगलेली आहे. आणखी कोणी म्हणेल, औषध नको, मासे बाहेर काढा आणि पेटी रिकामी ठेवा, परजीवी आपोआप मरतील. उपाय उत्तम आहे, त्याकडे मी पुढे येतोच. पण उपाशी ठेवून मारले म्हणजे मारले नाही, असे स्वतःला सांगू नका. चेतना तीच आहे.

मग काय, पाचही अंगे पुरी होतात म्हणून मासा मरू द्यायचा? येथे बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद उपयोगी पडतो. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असे ते सांगतात. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याच्यावर विचार करण्याची जबाबदारी टाकते. जबाबदारी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण पुष्कळ जण 'गरज' हा शब्द ऐकताच मोकळे होतात. गरज खरी की सोयीची, हे तपासायचे राहूनच जाते.

तपासण्याची एक साधी रीत सांगतो. हाच परजीवी समुद्रातही असतो. त्याला मारायला तुम्ही होडी घेऊन समुद्रात जाल का? नाही जाणार. म्हणजे त्याच्याशी तुमचे वैर नाही, तुम्हाला मासा वाचवायचा आहे. इथवर मुलगा बरोबर होता.

पण तेथेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. समुद्रात हा जीव असूनही तेथे माशांचा असा सरसकट संहार क्वचितच का होतो? कारण तेथे मासा एका जागी राहत नाही. गळून पडलेल्या कवचांपासून तो दूर जातो, सुटलेली पिले अफाट पाण्यात विखुरतात, त्यांतील थोड्यांनाच मासा गाठता येतो. पेटीत मासा रात्री झोपतो तेथेच खाली कवचे फुटतात. परजीवी तोच, पण त्याचा मृत्युदूत केला तो काचेने. माणसांना गावकुसाबाहेर कोंडायचे, पाणी तोडायचे आणि मग त्यांनाच रोगट म्हणायचे, हा प्रकार ज्यांच्या आजोबांनी पाहिला त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागू नये.

तेव्हा शीलाचा भंग शोधायचा तर बाटलीजवळ शोधू नका. तिसरा मासा घरात आला त्या दिवशी शोधा. नवा मासा चार-सहा आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहिला असता तर परजीवीही मारावे लागले नसते आणि मासाही गेला नसता. पहिली दक्षता ती! विनयात भिक्खूच्या परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. जीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये असा नियम आहे. पावसाळ्यात वाटेवरचे अंकुर आणि बारीक जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून वर्षावास आहे. मारावे की न मारावे हा पेच पुढे उभाच राहू नये, अशी तजवीज या नियमांत आधीच केलेली दिसते.

शेजारच्या एका बाईंनी पेटीत तीर्थ घालायला सांगितले होते, असेही कळले. बाईंचा हेतू चांगला असेल. पण आपण रायगड जिल्ह्यातले आहोत. याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली आणि त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी दूध, दही, शेण व गोमूत्र तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते आणि शेणाने सुधारते, असे मानणाऱ्यांच्या वारशातले ते तीर्थ. पाण्यात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि मंत्रालाही कळत नाही. ते मोजावे लागते. मीठ मोजा, तांबे मोजा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडावरून आणलेले पाणी अळणी आणि गढूळ असते, त्यावर विसंबू नका.

श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्यांत कोळेरोगावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. माशाच्या औषधातले तांबेही त्याच जातीचे. पण वाडीतले मोरचूद अंदाजाने पेटीत टाकू नका. साध्या तांब्याच्या औषधाचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके बारीक आहे. कमी पडले तर गुण नाही, वाढले तर मासाच मरतो. तयार औषधे वेगवेगळी असतात, म्हणून बाटलीवर लिहिलेले प्रमाणच धरा आणि तपासणीच्या संचाने रोज पाहा. तांबे कोळंबीला आणि गोगलगायींना विष आहे. त्यांना रोग नाही, त्यांचा अपराधही नाही. म्हणून मूळ पेटीत तांबे घालूच नये. मासे दगड-वाळू नसलेल्या वेगळ्या भांड्यात काढून तेथे उपचार करावा, कारण दगड आणि वाळू तांबे शोषून घेतात व माप चुकते. मूळ पेटी माशांवाचून किमान सहा आठवडे, पुरी खात्री हवी तर अडीच महिने ठेवावी. तांब्याचे पाणी विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नये. सक्रिय कोळशाच्या गाळणीतून फिरवून आधी त्यातले तांबे उतरवावे. गरज म्हणून मारायचे तर ते गरजेपुरतेच, ही मर्यादा अशा बारीकसारीक गोष्टींतच पाळली जाते.

एक विषयांतर करतो. परजीवी म्हटले की आपल्यातले काही वक्ते लगेच सावकाराचे, पुरोहिताचे नाव घेतील. टाळ्याही पडतील. मी ती उपमा घेणार नाही. हिटलरच्या जर्मनीत ज्यूंना परजीवी म्हटले गेले, आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. माणसाला किडा म्हटले की औषध शोधायला वेळ लागत नाही. अन्यायाशी लढा, व्यवस्थेला नावे ठेवा. पण हा शब्द पेटीतल्या जीवापुरताच राहू द्या.

आणि पेटी मुळात ठेवावी का? ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. मुलांना समुद्राचे कुतूहल वाटावे ही चांगलीच गोष्ट आहे. क्लाउन मासे आता टाक्यांत पैदा होतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातही ते तंत्र बसवले आहे. समुद्रातून ओरबाडलेल्या माशापेक्षा असा मासा घ्यावा. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते कोणी विकत असले तरी घेऊ नयेत. आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पंप बंद पडल्यावर पेटीतला मासा किती तास जगतो, याचा हिशेब पेटी आणण्याआधी करायचा असतो.

त्या आईला मी सांगितले की मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि मुलाचे औषधही बरोबर होते. दोघे दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, तेवढ्यात मासा गेला. उरलेले दोन मासे आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वेगळ्या टबात आहेत. औषधाचे माप मुलगा घेतो आणि वहीत आकडा मुलगी लिहिते. मोठ्या पेटीत कोळंबी आणि गोगलगायी तेवढ्या फिरतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुलीने पंचाहत्तरावा दिवस लाल शाईने गोल केला आहे.