भोजनाची मात्रा जाणणे हाही धम्मच



कोसल देशाच्या प्रसेनजित राजाची एक छोटी कथा संयुत्तनिकायात आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांजवळ येऊन बसला. तथागतांनी त्याला ना व्रत सांगितले, ना नवस. जो सावधपणे जेवणाची मात्रा जाणतो त्याचे दुखणे कमी होते आणि त्याला म्हातारपण सावकाश येते, एवढ्याच अर्थाची गाथा त्यांनी म्हटली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली. आपण जेवायला बसलो की ती म्हणायची, यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. पुढे राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले.

ही राजाची गोष्ट आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला शिळे तुकडे आले. सुटलेले पोट हे त्यांच्या लेखी सावकाराचे लक्षण होते. ‘ताटात आले ते सोडू नये’ हा धडा त्या उपाशी पिढीने आपल्याला दिला आणि त्या काळी तो खराच होता. आज त्यांची नातवंडे शाळेत, कचेरीत, बँकेत खुर्चीवर बसतात. भरलेले ताट हा आपला हक्क आहे. तो कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. परंतु अंगमेहनत सुटली आणि धडा तोच राहिला, तर चाळिशीनंतर त्याचे दुखणे होते.

आपले कोल्हापूर तर तालमींचे गाव. पैलवान दूध, तूप, मटण पचवतो, कारण तो पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका काढतो. आपण खुराक पैलवानाचा घेतला, बैठक मात्र कारकुनाची! शिवाय वय वाढते तसे स्नायू घटतात. म्हणून पंचविशीत पचणाऱ्या भाकरी पंचेचाळिशीत अंगावर साठतात.

‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणून स्वस्थ बसू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर सावध व्हा.

मग उपास धरायचा का? नाही. शरीराला उपाशी मारण्याचा मार्ग सिद्धार्थाने उरुवेलेला स्वतः अनुभवून सोडला. ज्यांनी एकादशी सोडली त्यांनी वजनाच्या नावाखाली तिला परत घरात घेऊ नये. साबुदाण्याच्या खिचडीने तर वजन घटतही नाही. भाकरी सोडू नका, एक कमी करा. अर्धे ताट भाजीचे असू द्या. सोबत उसळ, अंडे किंवा मासळी. रश्श्यावरचा तेलाचा कट, दुसऱ्यांदा घेतलेला भात, गोड चहाचे चार कप, इथून सुरुवात करा. आग्रह करून वाढणे थांबवा. उरलेले वाया जाऊ नये म्हणून ते आपल्या पोटात ढकलणाऱ्या माउलीने मुळात रांधतानाच अंदाजाने रांधावे.

चालण्याचे पाच लाभ तथागतांनी अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, कष्टाची ताकद, कमी आजार, चांगले पचन आणि टिकणारी एकाग्रता. आजचे वैद्यकशास्त्रही आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालायला सांगते. रंकाळ्याच्या काठी पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाललात की ती झाली. दोन दिवस झेपतील तेवढ्या बैठका काढा. एकट्या पुरुषाने जाऊ नये. घरातील स्त्रीलाही तो अर्धा तास मोकळा करून द्यावा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी वजन ७ टक्के घटवण्याचे आणि एवढ्याच व्यायामाचे ध्येय ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. सत्तर किलोच्या माणसाला हे म्हणजे पाच किलो! ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा.

बंधूंनो, परमपूज्य बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार छळले. तशा देहाने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला धम्म दिला आणि दोनच महिन्यांत ते गेले. त्यांचे काम पुढे न्यायला आपल्याला धडधाकट माणसे हवीत; पन्नाशीत अंथरूण धरणारा बाप मुलांचे शिक्षण कसे पुरे करणार? शंभर कार्षापण आपल्याजवळ नाहीत, पण शाळेत जाणारे लेकरू प्रत्येक घरात आहे. आज रात्री जेवताना त्याला शेजारी बसवा आणि सांगा, ‘बाळ, मी तिसरी भाकरी मागितली की मला राजाची गोष्ट सांग.’

जयभीम!