सोन्याचा पाळणा आणि सोनखत

मागच्या उन्हाळ्यात जालन्यातल्या एका चर्चासत्रात कुंडलिकेच्या हिरव्या पाण्याचा विषय निघाला आणि व्यासपीठावरच्या एका अभ्यासकांनी दोन वाक्यांत निकाल देऊन टाकला. शेतकरी युरिया आणि डीएपी बेसुमार टाकतो, ते नदीत उतरतं, म्हणून जलपर्णी माजते. शेतकऱ्याला आवरा, नदी आपोआप निवळेल. टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून आहे. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

नदीचं वर्षभराचं वागणं बघा. शेतातलं पाणी ओढ्याला लागतं ते पावसाळ्यात. आपल्याकडचा पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दिवाळी उलटली की कुंडलिकेचं स्वतःचं पाणी संपत येतं. माघ-फाल्गुनात जुन्या आणि नव्या जालन्याच्या मधून जे वाहतं, ते शहराच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी. जलपर्णी नेमकी तेव्हा फुगते. शिवारातून थेंबही येत नाही त्या महिन्यांत तिला खाऊ कोण घालतं?

आकडा मांडून बघू. माणूस वर्षभरात मलमूत्रावाटे साधारण चार किलो नत्र आणि अर्धा किलो फॉस्फरस बाहेर टाकतो. 2011 च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. म्हणजे फॉस्फरस झाला वर्षाला 140 टनांच्या घरात. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत तो सुमारे 10 किलो असतो. हिशेब 14,000 गोण्यांचा होतो आणि 1,350 रुपये भावाने रक्कम जवळपास एक कोटी नव्वद लाख. नत्राचं गणित केलं तर 45 किलोच्या युरियाच्या 50,000 हून जास्त गोण्या भरतात. यातलं सगळं नदीत जात नाही. काही सेप्टिक टँकच्या तळाशी बसतं, काही जमिनीत मुरतं. तरी ज्या शहराला जुने लोक ‘सोने का पालना’ म्हणत आले, बियाण्यांच्या धंद्याने ज्याचं नाव देशभर नेलं, ते शहर एवढं खत दरवर्षी वाऱ्यावर सोडतं आणि बोट मात्र बांधावर उभ्या माणसाकडे दाखवतं.

फॉस्फरसवर माझा एवढा भर का, तर कॅनडातल्या एका तळ्यामुळे. ओंटारियो प्रांतातलं ‘226 क्रमांकाचं तळं’ डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये मधोमध पडदा लावून दुभागलं. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र घातलं, एकाच बाजूला फॉस्फरस. काही आठवड्यांत ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी होती तशी राहिली. नत्र कमी पडलं तर काही निळं-हिरवं शेवाळ ते हवेतून घेतं. फॉस्फरस हवेतून मिळत नाही. नत्रही रोखायला हवं असं पुढे अनेकांनी दाखवून दिलं, पण गोड्या पाण्यात पहिला हात फॉस्फरसलाच घालावा लागतो.

इथवर लिहून मी शेतकऱ्याला निर्दोष सोडणार होतो. घाणेवाडीने मला अडवलं.

घाणेवाडीचा निजामकालीन तलाव कुंडलिकेवरच आहे, पण शहराच्या वर. तिथे शहराचा मैला पोचत नाही. तरीही तो गाळाने भरत गेला. दुष्काळाने डोळे उघडल्यावर जालनेकरांनी वर्गणी काढून तो उपसायला घेतला आणि शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरांनी गाळ वाहून शेतात पसरला. पुढे 2017 मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाच काढली. तो गाळ म्हणजे वरच्या शिवारांची उत्तम माती. फॉस्फरस काळ्या मातीच्या कणांना चिकटतो आणि माती वाहिली की तिच्याबरोबर निघतो. तळ्याच्या तळाशी प्राणवायू संपला की तोच पुन्हा पाण्यात सुटतो. तेव्हा बांध फुटलेलं, उताराला नांगरलेलं रानही या दोषाचं वाटेकरी आहे, हे मला मान्य करावं लागतं. युरियाचंही तेच. 2010 मध्ये केंद्राने बाकीच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांशी जोडलं आणि युरिया बाहेर ठेवला. स्वस्त म्हणून तो गरजेपेक्षा जास्त पडतो, पिकाने न उचललेलं नत्र विहिरीच्या पाण्यात उतरतं. त्या अभ्यासकांचं म्हणणं मी पूर्ण खोडू शकत नाही. माझी तक्रार एवढीच, की त्यांनी अर्धा दोष पाहिला आणि घाणेवाडीतला उपाय अजिबात पाहिला नाही: जे मातीतून गेलं ते मातीत परत नेणं.

शहराच्या मैल्याबाबत हे परत नेणं कोण करणार? या प्रश्नाशी आलं की मला अप्पासाहेब पटवर्धन आठवतात. कोकण गांधी म्हणून लोक त्यांना ओळखतात. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ते जातीवर वाटलेलं काम, म्हणून तुरुंगाने नाकारलं. अप्पांनी अन्नावर बहिष्कार घातला, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपवास धरला. सुटल्यावर बाकीचं आयुष्य त्यांनी याच कामात घातलं. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत केलं आणि गोपुरी संडास घडवला. मैला खड्ड्यातच कुजावा, त्याची माती व्हावी आणि एका माणसाचा मैला दुसऱ्याच्या डोक्यावर चढू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या खताला आपल्या भाषेत सोनखत म्हणतात.

या शब्दावर मी वर्षानुवर्षं भाळलो होतो. एका दलित मित्राने एकदा विचारलं, सोनं कोणाचं आणि पाटी कोणाच्या डोक्यावर? बाबासाहेबांनी 1945 मध्ये याच जागी गांधीविचारावर बोट ठेवलं होतं: या कामाचा गौरव केला की ते करणाऱ्याला त्यातच बांधून ठेवणं सोपं जातं. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन मला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. हाताने मैला उपसायला 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी बंदी आली, तरी सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मरतात आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या योजनेत पुन्हा तोच माणूस उतरणार असेल ती मला नको, नदी हिरवी राहिली तरी चालेल.

पण अप्पांची कल्पना माणूस उतरवण्याची नव्हतीच. खड्डा वर्षभर बंद राहिला की आत कोरडी, वास नसलेली माती उरते. 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राच्या स्वच्छता सचिवांनी स्वतः अशा खड्ड्यात उतरून ती उपसली, ते हेच दाखवायला. शहरात काम टँकरचं आणि पंपाचं. वाई आणि सिन्नरने ते केलंय: टँक भरून वाहायची वाट न बघता ठरलेल्या वर्षी पालिकेचा टँकर घरी येतो, गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. जालना 2023 मध्ये महानगरपालिका झालं. वाईएवढं तरी आपल्याला जमायला हवं.

मात्र टँकरने सगळं भागत नाही. बहुतेक नत्र आणि बराचसा फॉस्फरस लघवीतून, म्हणजे पाण्याबरोबर जातो. ते पाणी शुद्ध करून चाऱ्याला आणि मोसंबीला द्यायचं, तर त्यात कारखान्यांचं पाणी मिसळता कामा नये. लोखंड गाळणाऱ्या शहरात हीच सगळ्यात अवघड अट आहे. मोरी आणि कारखाना एकाच नाल्यात सोडले की खत वाया जातं आणि जमीनही. त्यांच्या वाटा वेगळ्या करणं हे नदीकाठ सुशोभित करण्याच्या कितीतरी आधीचं काम आहे, आणि त्याचा फलक कुठे लागत नाही.

आज आपण पैठणहून गोदावरीचं पाणी आणतो, वापरतो आणि कुंडलिकेत सोडतो. ते दुधनेत जातं, दुधना पूर्णेत, पूर्णा पुन्हा गोदावरीत. वाटेतली गावं तेच पाणी उपसतात.

घाणेवाडीचा गाळ नेलेल्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, शहरातलं शुद्ध केलेलं पाणी आणि खत दिलं तर घ्याल का? तो म्हणाला, “घेऊ की साहेब. डीएपीच्या गोणीवर आकडे छापलेले असतात. तुमच्या खतात शिसं-बिसं नाही, एवढं कोण लिहून देणार?”